बघतंय कोण?

सापेक्ष वेगाचं उदाहरण फळ्यावर लिहिलं की अकरावीच्या वर्गातून पहिला प्रश्न ठरलेला : "सर, बेरीज की वजाबाकी?" मी उलट विचारतो, "बघतंय कोण?" ते ठरेपर्यंत मी खडूला हात लावत नाही.

पुस्तकात दोन गाड्या भरधाव एकमेकींना ओलांडतात. आमच्या हातकणंगल्यात ते जमायचं नाही. मिरज-कोल्हापूर मार्ग एकेरी. क्रॉसिंग पडलं की एक गाडी स्टेशनात उभी आणि दुसरी शेजारून जाते. तरी उभ्या गाडीतल्याला क्षणभर आपलीच गाडी सुटल्यासारखी वाटते. डोळ्याला कळतो तो फक्त फरक; हललं कोण, हे ठरवायला फलाटाकडे बघावं लागतं. नावेतल्याला काठ मागे जाताना दिसतो, हाच दाखला घेऊन आर्यभटानं इ. स. ४९९ मध्ये तारे पश्चिमेकडे का सरकतात ते सांगितलं.

मग कागदावर दुहेरी मार्ग टाकायचा. २०० मीटर लांबीची गाडी ताशी ५४ किलोमीटरनं, १५० मीटरची ताशी ३६ नं. दुसरीत जाऊन बसा. ती आता थांबली. पहिलीला ३५० मीटर काटायचेत. नियम एकच, वजाबाकीचा. एकाच दिशेला असतील तर फरक सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ७० सेकंद. समोरून येत असतील तर एकीचा वेग ऋण, फरक २५ मीटर, १४ सेकंद. बेरीज वेगळी शिकावीच लागत नाही.

नदीत मुलं जास्त अडखळतात, कारण तिथं प्रश्नच दोन असतात. समजा, नाव ताशी ५ किलोमीटरची, प्रवाह ३ चा, पात्र २०० मीटर. लवकर पोचायचं तर तोंड सरळ पलीकडे ठेवा : २.४ मिनिटं लागतील, पण १२० मीटर खाली लागाल. बरोबर समोरच लागायचं तर तोंड सरळ रेषेपासून सुमारे ३७ अंश वरच्या अंगाला धरा. वेग ४ उरतो, ३ मिनिटं लागतात. नरसोबाच्या वाडीचा नावाडी हा कोन हातानंच धरतो.

यानंतर मी प्रवाह ६ करतो. कोनाची साइन एकाहून मोठी येते आणि मुलं आकडेमोड पुन्हा तपासू लागतात. आकडेमोड बरोबरच असते. पावसाळ्यातली कृष्णा आठवा, म्हणतो; तोंड कुठंही धरलं तरी ही नाव समोरच्या घाटाला लागणार नाही, एवढंच गणित सांगतंय. उत्तरात तेच लिहा, पूर्ण गुण.