जिप्सी : फौजेची हलकी गाडी

दोन माजी सैनिक भेटले की युनिट, कोर्स आणि पोस्टिंग झाल्यावर गाडी हमखास गाड्यांवर येते. जुनी मंडळी जोंगा काढतात, त्यांच्याही आधीचे निसान वन टन काढतात. माझ्या पिढीची गाडी मात्र जिप्सी.

गंमत म्हणजे तिघींचंही माहेर जपान. जोंगा म्हणजे मुळात निसान पॅट्रोल. जबलपूरला बांधली जायची आणि नावही ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’च्या आद्याक्षरांवरून पडलं. जिप्सी ही सुझुकीच्या जिम्नीची थोडी लांब केलेली बहीण. जपानात १९७० साली आलेली पहिली जिम्नी अवघ्या ३५९ सीसीची, टू-स्ट्रोक होती. आपल्याकडे मारुतीने डिसेंबर १९८५ मध्ये जिप्सी आणली. इंजिन ९७० सीसी पेट्रोल, ताकद ४५ हॉर्सपॉवरच्या आसपास, गिअर चार. १९९३ मध्ये दोन चाकांमधलं अंतर ९० मिलिमीटरने वाढवलं, म्हणजे वळणावर ती जास्त स्थिर झाली. १९९६ मध्ये १३०० सीसीची ‘जिप्सी किंग’ पाच गिअर घेऊन आली. पुढे २००० च्या सुमारास कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय आलं आणि ताकद ८० हॉर्सपॉवर झाली.

हा शेवटचा बदल कागदावर छोटा दिसतो. ज्यांनी सेला पास चढलाय त्यांना विचारा. तिथे तुम्ही साधारण १३,७०० फुटांवर असता, हवा विरळ असते. कार्बोरेटर पेट्रोल जवळजवळ तेवढंच सोडतो, पण ते जाळायला हवा पुरत नाही. मग गाडी काळा धूर ओकते आणि दम लागलेल्या माणसासारखी चढते. एमपीएफआयमध्ये सेन्सर हवेचा अंदाज घेऊन पेट्रोल कमी करतात. विरळ हवेत ताकद घटते ती घटतेच, पण गाडी गुदमरत नाही. शिवाय कडाक्याच्या थंडीत डिझेल घट्ट होतं, पेट्रोल होत नाही. सकाळी फर्स्ट परेडला इंजिन चालू होणं किती मोलाचं असतं, हे एमटीवाल्यांना सांगायला नको.

पण जिप्सीची खरी ताकद इंजिनात नव्हती, वजनात होती. सॉफ्ट टॉप जिप्सी जेमतेम हजार किलोची. लॅडर फ्रेम, चारही चाकांना पाट्यांच्या स्प्रिंगा, फोर बाय फोर आणि लो रेशोचा वेगळा दांडा. वाळूत जड गाडी रुतते, तिथे ही तरंगत निघून जायची. चिखलात अडकलीच तर चार-सहा जवान ‘जोर लगाके’ म्हणत बाहेर काढायचे. यंत्र इतकं साधं की पान्याचा एक संच आणि एक हुशार ईएमईचा कारागीर एवढ्यावर बरंच भागायचं.

मागच्या आडव्या बाकांवर बसणाऱ्यांचे मात्र हाल. पाट्यांच्या स्प्रिंगा प्रत्येक खड्डा थेट मणक्यापर्यंत पोचवायच्या. निवृत्तीनंतर कंबर धरून बसणारे आपल्यात कितीतरी आहेत.

याहून गंभीर गोष्ट सुरक्षिततेची. उघड्या जिप्सीतून चारी बाजूंना नजर राहते, घात झाला तर क्षणात उडी मारून पोझिशन घेता येते. पण कापडाचं छप्पर गोळी अडवत नाही, सुरुंगापुढे पातळ पत्रा टिकत नाही आणि गाडी दरीकडे कलंडली तर आतल्याला धरून ठेवायला फारसं काही नसतं. २०१९ मध्ये अपघात-सुरक्षेचे नवे नियम आले. त्यात बसत नाही म्हणून जिप्सीची सर्वसामान्यांसाठीची विक्री थांबली. सैन्यात मात्र ती त्यानंतरही धावत राहिली. जी गाडी शहरातल्या कुटुंबासाठी पुरेशी सुरक्षित नाही, ती सीमेवरच्या जवानाला चालते का? प्रेम बाजूला ठेवून हा प्रश्न आपणच विचारायला हवा.

म्हणूनच ५०० किलो वाहणाऱ्या जिप्सीच्या जागी सैन्याने ८०० किलो वाहणारी, टणक छपराची, एअर कंडिशनर असलेली गाडी मागितली आणि २०१७ मध्ये ३,१९२ सफारी स्टॉर्मचा करार झाला. नवी गाडी जड आहे, अरुंद ट्रॅकवर जिप्सीइतकी चपळ नाही, ही कुरकुर मी ऐकतो आणि ती खोटीही नाही. पण माझ्या मते हा सौदा योग्यच आहे. रुतलेली गाडी ओढून काढता येते. गेलेला माणूस परत आणता येत नाही.

जुन्या फौजी जिप्स्या आता लिलावात निघतात. हौशी पोरं त्या घेतात, नंबरप्लेटवरचा बाण जातो, हिरव्यावर भलताच रंग चढतो. तिकडे गुडगावला बनलेली पाच दारांची जिम्नी २०२५ पासून जपानात विकायला जाते आहे आणि तिथे इतकी मागणी आली की काही दिवसांतच बुकिंग थांबवावं लागलं. माहेरवाशीण चाळीस वर्षांनी माहेरी निघाली, तीही एअरबॅग लावून. तुमच्या युनिटच्या जिप्सीने तुम्हाला कुठून कुठे नेलं, ते जरूर लिहा.

जय हिंद.