कार्डाची मागची बाजू

जुनी चित्रकार्डं जमवणारी बहुतेक मंडळी ती अल्बममध्ये चित्र वर ठेवून लावतात. धुरंधरांनी विसाव्या शतकाच्या आरंभी चितारलेली मुंबईची माणसं किंवा रविवर्मा प्रेसच्या देवता पाहिल्या की ते पटतंही. पण बुलढाण्यासारख्या जिल्ह्याचा संग्रह करायचा, तर कार्ड उलटं करून वाचायला हवं, असं माझं ठाम मत आहे. चित्र असंख्य घरांत तेच गेलं, मजकूर मात्र एकाच घरी. चित्र मुंबईचं असलं तरी शिक्का मलकापूरचा किंवा मेहकरचा असेल, तर ते कार्ड आपलंच. खामगावला 1870 मध्ये रेल्वे आली ती कापसासाठी. मेहकर-लोणारला ती आजही नाही. निघाल्याचा आणि पोहोचल्याचा, असे दोन्ही शिक्के स्पष्ट असले, की रुळांपासून दूर राहण्याची किंमत दिवसांत मोजता येते. हे कुठलं चित्र सांगणार?

यावर म्हणतात, मजकुरात असतं काय? सर्व खुशाल, पाऊस बरा, लोभ असावा. खरं आहे; पण जागाच तेवढी होती. पत्त्याच्या बाजूला मजकूर लिहायची मुभा ब्रिटनने 1902 मध्ये दिली, तोवर चित्राच्या कडेनेच लिहावं लागे. एवढ्याशा जागेत माणसाने ज्याला आधी स्थान दिलं, तीच त्याची निकड. ‘पाऊस बरा’ हे कपाशी पेरणाऱ्या घराला नुसतं हवापाणी नव्हतं. वर्षाचं गणित होतं. मात्र या खुशालीवर भाबडेपणाने विसंबू नये. मृत्यूची बातमी आणणारं कार्ड वाचून लगेच फाडायची आपल्याकडे रीत होती. त्यामुळे उरलेल्या गठ्ठ्यात जिवंत माणसांचीच गर्दी दिसते. प्लेग आणि 1918 च्या साथीची वर्षं तपासताना हे विसरलं तर संग्रह आपल्याला फसवेल.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो: परक्याचं पत्र वाचावं का? 1879 मध्ये सरकारी पोस्टकार्ड पाव आण्याला मिळू लागलं, तेव्हापासून उघडं पत्र पोस्टमनच्या नजरेखालून जाणार, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. वाचता न येणाऱ्या घरी तर ते दुसऱ्यानेच वाचून दाखवायचं. म्हणून वाचायला हरकत नाही; पण प्रदर्शनात मांडताना नाव-पत्ता झाकावा, कारण त्या घरची नातवंडं आजही त्याच गल्लीत राहत असू शकतात.