माय वावरात गेली असन

अमरावती

चि. मंजू,


तू पाठवलेला वहीचा फोटो पाहिला. मुलाने लिहिलंय, 'दाराले कडी हाये. माय वावरात गेली असन.' 'हाये'चं 'आहे' केलंस, ते ठीक. पण 'असन' खोडून तिथंही 'आहे' लिहिलंस आणि वाक्याचा जीवच गेला गं. मायला जाताना त्याने पाहिलेलं नाही. पाहिली ती कडी. तिच्यावरून त्याने अंदाज बांधला, आणि अंदाज आहे असंच सांगितलं.

डोळ्यांनी पाहिलं तर 'हाये'. काहीच थांग नसला तर 'काय मालूम'. 'असन' या दोहोंच्या मधलं. ते कुठल्यातरी खुणेवर उभं असतं. म्हणून त्याच्या जागी 'कदाचित' घालायलाही लावू नकोस. 'कदाचित'मध्ये त्या कडीचा आधार उरत नाही.

प्रमाण मराठीत हे काम 'असेल' करतं. रूप भविष्यकाळाचं, पण बोलणं आत्ताचं किंवा होऊन गेलेलं. वऱ्हाडीत त्या 'ल'चा 'न' होतो: भेटेल-भेटन, येईल-येईन. हे नियमाने होतं, गबाळेपणाने नव्हे. (पुण्याच्या माणसाला मात्र 'पाणी येईन' हे पावसानेच दिलेलं वचन वाटेल, कारण त्याच्याकडे 'येईन' फक्त 'मी'चं.) ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात १९०५ सालीच वऱ्हाडीची दखल घेतलेली आहे. उद्धव शेळक्यांच्या 'धग' कादंबरीतली माणसं हीच बोली बोलतात. तरी आपल्या वर्गात ती अजून चूकच ठरते, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि पाहिलेलं कोणतं, ऐकलेलं कोणतं, हे वेगळं ठेवायची चाल आपल्या मातीत जुनी आहे. याच जिल्ह्यातलं रिद्धपूर घे. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकात माणसं गाठून, विचारून विचारून गोळा केल्या आणि तिथं लीळाचरित्र लिहिलं. लीळाचरित्राच्या पाठांत हकीकत जुळत नाही तिथं 'शोधु' म्हणून दुसऱ्याचं सांगणंही नावानिशी नोंदलेलं दिसतं. मराठी गद्याची सुरुवातच एवढ्या काळजीने झाली.

तेव्हा मुलाला 'असेल' जरूर शिकव. परीक्षेत ते लागेलच. पेन्सिलीने वर लिही, 'असन' खाली राहू दे. आणि मूर्तिजापूरच्या पलीकडे, तुमच्या अकोल्याकडं, आयाबाया हे रूप कसं उच्चारतात ते नीट ऐकून मला कळव.

तुझी,
मावशी