उशिरा लावलेली नर्गिस

ह्यांच्या मातोश्रींचा, म्हणजे आमच्या घरातील आईंचा, एक नेम होता. दसरा झाला की दिवाळीपूर्वी नर्गिसचे कंद कुंड्यांत गेलेच पाहिजेत. ग्वाल्हेरचे घर सोडून त्या आमच्याकडे मंडीदीपला आल्या, तेव्हा देवांच्या पेटीबरोबर या कंदांची पिशवीही त्यांनी आणली होती.

गेल्या वर्षी नवरात्रातच आई पाय घसरून पडल्या आणि मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर त्यांना भोपाळलाच नणंदेच्या घरी ठेवावे लागले. मंडीदीपहून भोपाळ सुमारे २३ किलोमीटर. कारखान्यांच्या मालमोटारींमधून वाट काढीत आम्ही उभयतां रोज जा-ये करीत होतो. दिवाळी केव्हा आली नि गेली हेही ध्यानात राहिले नाही. अशात एके दिवशी आईंनी विचारले, "नर्गिस लावलीत ना?" आम्ही दोघेही एकदमच "हो" म्हणालो. कंदांची पिशवी माळ्यावर तशीच होती.

संक्रांतीनंतर आई घरी यावयाच्या ठरल्या, तेव्हा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चोरासारखे माळ्यावर चढलो. १४ कंदांपैकी ५ पोकळ झाले होते. ९ मात्र बोटाने दाबून पाहता टणक लागले. इकडची काळी माती पाणी धरून ठेवते व कंद कुजवते. म्हणून तीत नर्मदेची वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळले. कंदाचे टोक मातीबाहेर राहील अशा बेताने एकेका कुंडीत तीन-तीन कंद बसविले.

काश्मीरचे ट्यूलिप असते तर हा खटाटोप व्यर्थच गेला असता. त्यांना फुलण्यापूर्वी १२ ते १४ आठवड्यांची कडक थंडी लागते. आमच्याकडे जानेवारीतही रात्रीचा पारा साधारण १० अंशांच्या आसपास असतो. म्हणून इकडचे हौशी लोक ट्यूलिपचे कंद आधी फ्रिजमध्ये ठेवतात. नर्गिसला ही अट नाही. तिची कळी उन्हाळ्यात, कंद कोरडा पडून असतानाच, आत तयार होते.

आई आल्या तेव्हा कोंब जेमतेम दोन बोटे वर आले होते. त्यांनी खुर्चीतून कुंड्यांकडे पाहिले आणि काही बोलल्या नाहीत. फेब्रुवारीच्या अखेरीस चार दांड्यांवर फुले आली. उन्हे तापू लागल्यामुळे ती चार-पाच दिवसांतच सुकली. उरलेल्या पाच कंदांना नुसती पानेच.

फुले गेल्यावर आम्ही कुंड्या आवरावयास निघालो, तोच आई म्हणाल्या, "पाने कापू नका हं. उशिरा लावलेत, निदान त्यांना पोटभर जेवू तरी द्या."

आमचे चेहरे उतरले. आम्ही सारे खरे सांगून टाकले. त्या हसून म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी कळले मला. पौषात नर्गिस एवढीशी असते होय? पण लावलीत, हे बरे केलेत."

मग त्यांनीच समजावले. यंदा आलेली फुले ही गेल्या वर्षीच्या पानांची कमाई होती. म्हणजे आईंनीच घातलेल्या पाण्याची. यंदाची पाने जेवढी टिकतील, तेवढे पुढच्या वर्षीचे अन्न कंदात साठेल. आमच्या उशिराची भरपाई व्हायची तर ती पानांतूनच.

म्हणून कुंड्या दुपारच्या उन्हातून हलवून पूर्वेच्या ओट्यावर ठेवल्या आणि पाने आपणहून पिवळी पडेपर्यंत पाणी घालीत राहिलो. एप्रिलच्या मध्यास ती माना टाकू लागली, तेव्हा पाणी बंद केले. मे महिन्यात आईंनी काठी टेकीत ओट्यापर्यंत येऊन, आपल्या देखत कंद काढविले. नऊच्या नऊ निघाले. पूर्वीपेक्षा थोडे लहान, पण टणक.

पिशवी आता माळ्यावर नाही. आईंच्या खाटेशेजारच्या खुंटीवर आहे. दसरा जवळ आला आहे. आईंनी अजून काही विचारलेले नाही. पण वाळू आम्ही आणून ठेवली आहे.