दौंडाहून शिरूरास

भीमेच्या कांठीं दौंड आणि घोडनदीच्या कांठीं शिरूर, हीं पुणें जिल्ह्यांतील दोन जुनीं गांवें. १८७८ सालीं मनमाडचा लोहमार्ग निघाला आणि दौंड जंक्शन झालें. शिरूर त्याच्याही आधीं लष्करी छावणीमुळें नांवारूपास आलें होतें. गेल्या माघांत या दोन्ही गांवीं जाण्याचा योग आला, तो मात्र एका विलक्षण कारणानें.

शिरूरास माझ्या मावसभावाचा वाडा आहे. माळ्यावरच्या शिसवी पेटींत त्यांना एक जुनें पिस्तूल सांपडलें. दादा फोनवर म्हणाला, “मुलें तें घेऊन लढाई खेळतात. चिरंजीव तर म्हणतात, दारू मिळवून एकदां उडवून पाहूंच. तूं येऊन जा बुवा.”

मला शस्त्रांतलें कांहीं कळत नाहीं. परंतु दौंडास राज्य राखीव पोलिस दलाच्या गटांचीं ठाणीं आहेत, आणि शस्त्रागारांत उभी हयात घालविलेले एक निवृत्त हवालदार तेथें माझ्या परिचयाचे. त्यांना बरोबर घेतलें आणि पाटस, चौफुला, न्हावरे असा रस्ता धरला.

दोहों बाजूंस उंसाचे मळे होते. हवालदारसाहेब रंगांत आले. म्हणाले, “इंग्रजी फौजेनें १८८७ सालीं वेब्ली रिव्हॉल्व्हर घेतलें. त्याची नळी बिजागरीवर खालीं मोडली कीं सहाही काडतुसें एकदम वर येतात. १९१५ चा सहावा नमुना भरला किलोभराचा.”

मीं विचारलें, “असलीं शस्त्रें हौसेनें जमवितां येतील काय?”

“छे! ज्यांत फौजेचें काडतूस बसतें, तें सामान्य परवान्यावर मिळत नाहीं. वेब्लीचें ४५५ बोअर त्यांतच मोडतें. म्हणून परवानेवाल्या गृहस्थापाशीं बहुधा ३२ बोअरच दिसतें.”

बोलतां बोलतां शिरूर आलें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं कंपनी सरकारची फौज येथें राहत असे. १८१७ च्या पुणें तहानंतर उभ्या राहिलेल्या पूना हॉर्स या घोडदळाचाही या गांवाशीं जुना संबंध आहे. त्याच सालच्या ३१ डिसेंबरच्या रात्रीं कॅप्टन स्टॉन्टन सुमारें आठशें लोक घेऊन येथूनच निघाला, आणि दुसऱ्या दिवशीं कोरेगांवास पेशव्यांच्या सैन्याशीं दिवसभर झुंजला. त्याच्या पायदळांत महार शिपाई पुष्कळ होते. १८०९ सालीं वारलेल्या कर्नल वॉलेसची कबर येथें आहे. गांवचे लोक त्यास सत्पुरुष मानीत. अशा गांवच्या माळ्यावर पिस्तूल निघालें, यांत नवल तें काय?

वाड्यांत सर्व मंडळी ओसरीवर जमलीं होतीं. पिस्तूल वीतभर नळीचें, ठासणीचें, चकमकीचें होतें. घोड्याच्या तोंडांत गार तशीच होती. हवालदारांनीं प्रथम मुलांना मागें सारलें आणि नळीचें तोंड मातीच्या भिंतीकडे केलें. चापाला त्यांचें बोट लागलें नाहीं.

मग त्यांनीं बांबूची एक कामटी मागितली. ती नळींत हलकेंच थांबेपर्यंत सारली आणि तोंडाशीं खूण केली. मग बाहेर काढून नळीच्या अंगावर तशीच धरली. नळी रिकामी असती, तर कामटीचें टोंक रंजक घालण्याच्या कानापर्यंत पोंचलें असतें. तें दोन बोटें अलीकडेच थांबलें.

“आंत दारू-गोळी आहे,” ते शांतपणें म्हणाले.

ओसरीवर कोणी बोलेना. ते पुढें म्हणाले, “कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनींही पेट घेते. चाप ओढला आणि ठिणगी आंत गेली, तर ही हातचलाखी नव्हे. वरून आणखी दारू ठासली असती, तर गंजलेली नळी हातांतच फुटली असती.”

चिरंजिवांचा चेहरा पांढराफटक पडला. हवालदारांनीं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “नेमबाजी शिकायची हौस चांगली आहे, बाळ. ती बालेवाडीच्या मैदानावर शीक. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१८ च्या आशियाई स्पर्धेंत पंचवीस मीटर पिस्तुलाचें सुवर्णपदक मिळविलें, तें नियम पाळूनच. शस्त्र भरलेलेंच आहे असें धरून चालावें, नळी माणसाकडे रोखूं नये, नेम धरीपर्यंत बोट चापावर नेऊं नये, आणि निशाणामागें काय आहे तें आधीं पाहावें.”

पिस्तूल कोणीं हलविलें नाहीं. पोलिस ठाण्यास कळविलें, आणि तेथील माणसें येऊन तें घेऊन गेलीं. १९५९ च्या शस्त्र कायद्यांत, दुरुस्त करूनही चालूं न शकणाऱ्या पुराण्या शस्त्रांना सूट आहे. पण आपलें शस्त्र त्यांत बसतें कीं नाहीं, हें घरच्यांनीं ठरवावयाचें नसतें. पूर्वजांची आठवण जपावी हें खरेंच. ती परवान्यानें जपावी, किंवा संग्रहालयांत द्यावी.

निघतांना मावशी म्हणाली, “चाळीस वर्षें मी त्याच पेटीवर पाय देऊन वरची लोणच्याची बरणी काढीत होतें रे!” सर्वजण हंसले, पण हंसण्यांत जोर नव्हता.

वाचकांपैकीं कोणाच्या वाड्यांत असें जुनें शस्त्र असेल, तर मुलांच्या हातीं जाण्यापूर्वीं त्याची वास्तपुस्त जाणत्या माणसाकडून अवश्य करून घ्यावी.