हिंजवडी ते लेह, व्हाया ताम्हिणी

हिंजवडी म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? वाकडच्या पुलापासून लागलेली गाड्यांची रांग आणि क्लच दाबून भरून आलेला डावा पाय! पण कधी रविवारी सकाळी सातला फेज थ्रीला या. रस्ते मोकळे, हवा गार, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडून उभी असलेली आमची सेकंडहँड थार. मॅडमना लेहला जायचंय! मनालीमार्गे एका बाजूने अंदाजे अडीच हजार किलोमीटर, आणि हातात सुट्टी मोजून चौदा दिवस. वाटेत गाडीने दोन दिवस खाल्ले तर लेह न बघताच परत फिरायचं.

तयारीची सुरुवात सगळे करतात तशीच केली, खरेदीने. छतावरचा तंबू, जादा दिवे, पुढे विंच. बोनस संपला, पण पार्किंगमधले लोक वळून बघायला लागले. अजून काय हवं?

जुलैत ट्रायल घ्यायची ठरली. माण, घोटावडे करत पौड, मग मुळशी धरणाच्या कडेने ताम्हिणी. बायको सोबत होती. भर पावसात, घाटातच टायर बसला. स्टेपनी आहे, जॅक आहे, पाना आहे, म्हटलं दहा मिनिटांचं काम. पण नट हलेल तर शपथ! टायरच्या दुकानात एअर गनने आवळलेले नट आणि गाडीतला तो वीतभर पाना. त्यावर उभा राहून उड्यासुद्धा मारल्या.

शेवटी एक टेम्पो थांबला. चालक मामांनी सीटमागून लोखंडी पाइप काढला, पान्याच्या दांड्यावर चढवला आणि म्हणाले, "जोर नाही लावायचा साहेब, दांडा लांब करायचा." दोन मिनिटांत नट सैल. परतताना बायकोने एवढंच विचारलं, "अरे, लेहच्या रस्त्यावर टेम्पो कोण आणणार?"

त्या दिवशी आमची यादी उलटी झाली. तंबू आधी उतरवला. छतावर पन्नासेक किलो चढले की वळणावर गाडी जास्त कलते, आणि घाटात ब्रेकवर ताण येतो तो वेगळाच. समोर लोखंडी गार्ड लावायचा बेतही रद्द. अशा गार्डवर कारवाई करा, असं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय.

मग न दिसणारी कामं केली. ब्रेक ऑइल बदललं. ते हवेतली ओल शोषतं आणि लांब उतारावर तापलं की ब्रेक ऐनवेळी दगा देतात. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी असेल तर वर रात्री ते गोठतं, म्हणून कूलंट योग्य प्रमाणात भरलं. बॅटरी तपासून घेतली. बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर घेतला. चिखलात किंवा वाळूत टायरची हवा कमी करणं सोपं, पण पुन्हा भरायची कशाने?

काही तयारी गाडीची नसतेच. वाटेतल्या तांगलांग लाची उंची ५,३०० मीटरहून जास्त. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो. इंजिनाला धाप लागते तशी आपल्यालाही. म्हणून एक दिवस नुसता विश्रांतीसाठी राखलाय. नाले सकाळीच ओलांडायचे, कारण दुपारी बर्फ वितळून पाणी वाढतं.

आता दर रविवारी पार्किंगमध्ये आमचा एकच खेळ चालतो. चारही चाकं स्वतः खोलायची आणि स्वतः बसवायची. बायकोचा वेळ माझ्यापेक्षा चांगला आहे, हे इथेच कबूल करतो! गाडीचं छत रिकामं दिसतं, वळून बघणारेही कमी झालेत. सीटखाली मात्र दोन फुटांचा एक लोखंडी पाइप आहे. सगळ्या खरेदीत सगळ्यात स्वस्त तोच!