मालवणचे प्रवाळ राखणार कोण?

भिलाईच्या रुआबांधा सेक्टरमधून मालवणचा समुद्र गाठायचा, तर हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागतो. तरी या भागाचे समुद्राशी फार जुने नाते आहे. पोलाद कारखान्याच्या भट्ट्यांना नंदिनीच्या खाणींनी वर्षानुवर्षे जो चुनखडक पुरवला, तो सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी येथे पसरलेल्या उथळ समुद्रात तयार झाला. त्याचे थर रचण्यात सूक्ष्म जीवांचा हात होता. समुद्री जीवांचे असेच चुन्याचे बांधकाम आज जिवंत पाहायचे असेल, तर सुटीत मालवणला जावे.

येथील कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्ग बांधायला घेतला. होडीतून जाताना सगळ्यांचे डोळे तटबंदीवर खिळतात. पण खरी नवलाई पाण्याखाली आहे. किल्ल्याच्या परिसरातील खडकांवर प्रवाळ वाढतात. दिसायला दगड किंवा झुडूप, प्रत्यक्षात ती चिमुकल्या प्राण्यांची वसाहत! त्यांच्या शरीरातले सूक्ष्म शेवाळ सूर्यप्रकाशात अन्न तयार करते. पाणी फार तापले की हे शेवाळ निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. प्रवाळांच्या आडोशाला माशांची पिल्ले वाढतात, म्हणजे कोळ्याच्या घरची चूलही त्यांच्यावर अवलंबून असते.

१९८७ साली येथील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. मासेमारीच बंद होईल, या भीतीने मच्छीमारांनी विरोध केला. त्यांचे चुकले असे कसे म्हणावे? समुद्राला कुंपण घालता येत नाही. तिथे राखणदार हवा तो रोज पाण्यात उतरणाराच.

२०११ नंतर केंद्र व राज्य शासनाने संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाबरोबर सिंधुदुर्गात वेगळा प्रयत्न केला. लहान मासळी निसटून जावी म्हणून ट्रॉलरच्या जाळ्यांना चौकोनी आस लावण्यास प्रोत्साहन दिले. स्थानिक तरुणांना पर्यटकांना पाण्याखालची सृष्टी दाखवण्याचे प्रशिक्षण मिळाले. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गटाने होडीतून कांदळवनाची सफर सुरू केली. निसर्ग टिकला तर आपले पोट भरते, हे कळले की राखण आपोआप होते.

२०२३ पासून जगभर प्रवाळ पांढरे पडण्याची मोठी लाट आली. समुद्राचे तापणे एकट्या मालवणला थांबवता येणार नाही. पण नांगर, कचरा आणि पर्यटकांचे पाय यांपासून प्रवाळ नक्कीच वाचवता येतात.

म्हणून पाण्यात उतरलात तर प्रवाळावर उभे राहू नका, त्याला हात लावू नका. आठवण म्हणून तुकडा तर मुळीच आणू नका. कायद्याने तो गुन्हा आहे. होडीवाल्याला नांगर प्रवाळावर न टाकण्याची विनंती करा.

कोकण रेल्वेच्या कुडाळ स्थानकावरून मालवण सुमारे ३० किलोमीटर आहे. पावसाळा टाळून नोव्हेंबर ते मार्चमध्ये जावे.